हिरेबंडीच्या भिंतीवरचा डावा हात

सातारा सोडलं तेव्हाच माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार होता: ‘डोंगर विकाऊ नाहीत’. खाली तीन परिच्छेद, शेवटी मागण्या. आमच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा नसायची, पण पत्रकांच्या गठ्ठ्यांना असायची. मी अक्षरं गिरवली तीही पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. त्यामुळे लोक प्रवासाला निघताना डबा भरून घेतात, तशी मी मतं भरून घेते.

माझी मैत्रीण मीनल भूगर्भशास्त्र शिकलेली आहे. सातारा-सांगलीकडच्या डोंगरांतल्या काही गुहा पर्यटकांसाठी उघडायचा विचार चालला आहे, आणि त्याआधी त्यांची छतं, भिंती टिकतील का हे तपासायचं काम तिच्याकडे आलं होतं. कोणी कोरलेली लेणी नव्हेत, पाण्याने आणि वाऱ्याने आपणहून पोखरलेल्या गुहा. पाचगणीपासून सुरुवात आणि जत तालुक्यात शेवट, असा तिचा बेत होता.

“येतेस का?” तिने विचारलं.

“मी विरोध करायला येईन,” मी म्हटलं.

“ये की. दोरी धरायला कोणीतरी लागतंच.”

जीपच्या मागच्या सीटवर दोन हेल्मेटं, लांब दांड्याचा हातोडा, एक लोखंडी पहार, दोरखंड, प्लास्टरची पिशवी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या पट्ट्या होत्या. पसरणीचा घाट चढताना प्रत्येक वळणावर त्या काचा किणकिणत होत्या आणि मीनल दर वेळी मागे वळून बघत होती. मी तिला दोनदा सांगितलं की रस्त्याकडे बघ.

फेब्रुवारीतली पाचगणी म्हणजे स्ट्रॉबेरीची पाचगणी. रस्त्याच्या कडेला लाल टोपल्या, शाळेच्या फाटकातून एकसारख्या स्वेटरची रांग, आणि वर जांभ्या दगडाचं ते भलंमोठं सपाट पठार. पठाराच्या कडेखाली, जिथे जांभा खालून झिजला आहे, तिथे आमची पहिली गुहा होती. तोंडाशी दोरी बांधलेली होती आणि दोरीच्या पलीकडे एक जोडपं फोटो काढत उभं होतं. मीनलने त्यांना काही न बोलता एक हेल्मेट पुढे केलं. ते हसले, मग वर बघितलं, आणि बाहेर आले.

तिची कामाची पद्धत मी तिथे पहिल्यांदा पाहिली. ती आधी काहीच करत नाही, नुसती बसते. “छताकडे सगळेच बघतात,” ती म्हणाली. “तू जमिनीकडे बघ. वरून काय पडलंय, जुनं की ताजं, ते खाली दिसतं.” मग ती हातोड्याने छत ठोकत जाते. बाजारात मडकं वाजवून घेतात तसंच ते असतं. दगड पक्का असेल तर खणखणीत बोलतो, आत पोकळी झाली असेल तर बद्द आवाज येतो. शेवटी काचेच्या पट्ट्या. भेगेच्या दोन्ही काठांवर प्लास्टरचे गोळे ठेवायचे आणि मधे काच आडवी बसवायची. दगड केसाएवढा सरकला तरी काच तडकते.

पावसाळ्याआधी तिनेच इथे बसवलेली पट्टी मधोमध तडकलेली होती.

बाहेर मक्याची भजी तळणाऱ्या मावशी कधीच्या आमच्याकडे बघत होत्या. “ताई, ती काच तुमची व्हय? आमच्या हितल्या कुणी फोडली न्हाई बरं का, आधीच सांगते.”

“माणसाने फोडली तर तुकडे खाली पडतात मावशी. ही जागच्या जागी तडकलीय.”

“म्हंजी डोंगरानं फोडली.”

“हो.”

“मग आता दंड कुणाला करायचा?” मावशींनी झारा आपटून तेल निथळलं आणि आमच्या कागदावर दोन भजी जास्त टाकली.

मी खूश होते. गुहा बंद राहणार म्हणजे तिकीटखिडकी नाही, आत रंगीत दिवे नाहीत, दगडावर हृदय कोरणारे हात नाहीत. सगळ्या गुहा बद्द वाजू देत, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली. प्रार्थनेवर माझा विश्वास नाही, तरी केली.

घाट उतरून वाईच्या बाजूला आलो तर ऊस तुटून गेलेल्या एका शेतात मेंढरं बसवलेली होती. दिवाळीच्या सुमारास पूर्वेकडचे धनगर कळप घेऊन इकडे पश्चिमेला येतात आणि शेतकरी त्यांना रानात बसवून घेतात, म्हणजे रानाला खत मिळतं आणि मेंढरांना पाला. बांधावर एक उंच माणूस घोंगडी पांघरून उभा होता. मीनलने रस्ता विचारला, तसं त्यानेच उलट विचारलं, “कुटं निघाला?”

“जतकडे.”

“आमी तिकडलंच. बायकापोरं तिकडं, आमी हिकडं.” तो हसला. “पावसाची वाट दोगंबी बघतो. त्यास्नी पिकासाठी पायजे, आमास्नी घरला जायासाठी.”

हे वाक्य पत्रकात घालायला छान आहे, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

तासगावपर्यंत सगळं हिरवं होतं. द्राक्षांच्या बागा, बेदाणा सुकवायच्या लांबलचक शेड, त्यांना लावलेली हिरवी जाळी, आणि हवेत गोडसर आंबूस वास. तिथे आमच्या टायरमध्ये बागेच्या तारेचा तुकडा घुसला. ट्रॅक्टरवरून चाललेले एक गृहस्थ आपणहून थांबले, जॅक लावला, बोल्ट सैल केले आणि काम संपेपर्यंत आमची चौकशी करत राहिले.

“जतला गुव्हा तपासाय? गड्या, तिकडं माणसांच्या घरांची छपरं कोण तपासत न्हाई, आन् तुमी गुव्हेची तपासताय.”

“ती पण तपासायला हवीत,” मी तावातावाने म्हटलं.

“मग तपासा की. मी कुटं न्हाई म्हणतोय,” ते म्हणाले आणि ओंजळभर ओले बेदाणे माझ्या हातावर ठेवून निघून गेले. वाद घालायला आलेल्या माणसाच्या हातात बेदाणे दिले की त्याची मोठी पंचाईत होते.

पुढे हिरवं संपत गेलं. कवठेमहांकाळ मागे पडलं आणि जमीन पिवळी, मग करडी झाली. ज्वारीची काढलेली रानं, बाभळी, क्षितिजावर लांबट टेकड्या. दुकानांच्या पाट्यांवर कन्नड अक्षरं दिसायला लागली. एका वळणावर पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्यामागे घागरींची रांग होती, पण घागरींजवळ माणसं नव्हती. आपापल्या जागी घागर ठेवून बायका सावलीत बसल्या होत्या.

हिरेबंडी ही वस्ती अशाच एका टेकडीच्या पायथ्याशी आहे (कन्नडमध्ये हिरे म्हणजे थोरला आणि बंडे म्हणजे खडक). तिथे आम्हाला घ्यायला सिदाप्पा आले. वस्तीतले थोरले, डोक्याला पिवळं पागोटं, दात थोडे आणि बोलणं भरपूर. पुरुष माणूस म्हणून वस्तीत सध्या ते आणि त्यांच्या वयाचे दोघे-चौघे. बाकी सगळे मेंढरांमागे गेलेले. पूर्वी अख्खं बिऱ्हाड निघायचं, आता पोरांच्या शाळेपायी बायका मागे राहतात.

आधी माडगं (हुलग्याच्या पिठाची गूळ घातलेली गरम पेज) पिऊनच पुढे जायचं, असा आप्पांचा हुकूम झाला. ते आणून देणारी बाई साधारण पंचेचाळिशीची, ताठ, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बाळव्वा तिचं नाव. ती आमच्याबरोबर बसली नाही, पण गेलीही नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“बाई, गुव्हा पास हुईल न्हवं?” तिने मीनलला विचारलं.

“बघितल्याशिवाय कसं सांगू?”

“बघा की. आमी समदी तयारी करून ठिवलीया.”

आप्पा हसले, पण ती कसली तयारी हे सांगेनात. “चला तर,” एवढंच म्हणाले.

गुहेपर्यंतची वाट चढाची पण सोपी आहे. टेकडीच्या कमरेला काळ्या खडकाचा एक जाड थर बाहेर आलेला आहे आणि त्याखालचा लाल मातीचा मऊ थर झिजून गेला आहे. तीच गुहा. पुढे ओसरीसारखी मोकळी जागा, तिथे उभं राहिलं की खालची वस्ती आणि पार कर्नाटकापर्यंतचं रान दिसतं. ओसरीतून वाकून आत गेलं की मोठी खोली. आत जाताच मीनल थबकली. मीही थबकले.

अख्खी खोली चुन्याने रंगवलेली होती. भेगा चिखल-शेणाने लिंपून, वर हात फिरवून, त्यावर चुन्याचे दोन हात दिलेले. दसऱ्याला घर उजळून निघतं तशी गुहा निघाली होती. आणि त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर लाल हात होते. सगळे डावे. कोणी रंगाने काढल्यासारखे नव्हे, चुन्याच्या आतून वर आल्यासारखे.

“हे कोणी केलं?” मीनलचा आवाज अगदी हळू होता.

“आमीच की,” आप्पा म्हणाले. “पोरगी बघाय पावणं येणार म्हटल्यावर घर सारवत्यात का न्हाई? भेगाबिगा दिसल्या तर तुमी नापास केलं असतं.”

मीनल मटकन खाली बसली. मला आधी वाटलं ती चिडली. ती हसत होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती. “आप्पा, मी भेगाच बघायला आले हो. तुम्ही मुलीला पदर घेऊन डोक्यापासून पायापर्यंत झाकून बसवलंत.”

“आणि हे हात?” मी विचारलं.

ते आप्पांनी सांगितलं. दसऱ्याला, कळप घेऊन निघायच्या दिवशी, वस्तीतला प्रत्येक पुरुष इथे येतो, भंडारा (देवाची हळद) तेलात कालवतो आणि भिंतीवर आपापल्या ठरलेल्या जागी डावा हात उमटवतो. पावसाच्या तोंडाला परत आला की शेजारी उजवा उमटवायचा. मग बायको किंवा आई दोन्ही हात पाण्याने पुसून टाकते. म्हणजे या दिवसांत भिंतीवर फक्त डावे हात असतात, आणि पाऊस सुरू झाला की भिंत कोरी होते. न आलेल्याचा हात कोणी पुसत नाही, आणि कोणी गिरवतही नाही.

हळदीवर चुना पडला आणि हात लाल झाले. कुंकू तसंच तर करतात.

“आप्पा, त्यो दावा त्यास्नी,” मागून बाळव्वा म्हणाली. ती कधी वर आली मला कळलंच नव्हतं.

“तूच दाव की. तुजा हाय.”

ती खोलीच्या आतल्या कोपऱ्यात गेली. तिथे इतरांपासून जरा बाजूला एक हात होता, इतरांपेक्षा फिका, विटकरी. त्याची करंगळी एका पेराने आखूड होती.

“मालकाचा,” ती म्हणाली. “लोकर कातरताना पेर तुटलं. लगीन व्हायच्या आदीच.”

तिचे मालक किती वर्षांपूर्वी नाहीसे झाले हे तिने मोजून सांगितलं नाही. “लय पावसाळं झालं,” एवढंच म्हणाली. कळप कोरेगावच्या बाजूला होता. मेंढरांना औषध आणतो म्हणून ते बाजाराला गेले आणि आले नाहीत. बाकीच्यांनी शोधलं, थांबले, पोलिसात सांगितलं. मग पाऊस आला आणि मेंढरांना थांबता येईना. कळप घरी आला. भिंतीवरचे बाकी सगळे हात त्या वर्षी जोडीचे झाले आणि पुसले गेले.

“त्यो हात फिका पडत पडत दिसंनासाच झाला हुता. भित आन् हात एकाच रंगाचं. मीच आपली अंदाजानं हात लावायची, हितं असंल म्हणून. आन् परवा चुना वाळाय लागला तसा ह्यो वर आला.” ती माझ्याकडे वळली. “हळदीला चुना लागला की लाल हुतंच. मला ठावं न्हाई व्हय? पर हळद असल्याबिगर लाल हुईल का?”

मी वाकून त्या आखूड करंगळीकडे पुन्हा बघितलं.

“पण मग गुहा पर्यटकांसाठी उघडावी असं तुम्हाला का वाटतं?” मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. “उद्या इथे माणसं चपला घालून फिरतील. फोटो काढतील. या हातांवर हात ठेवून बघतील.”

“बघू द्यात की. फोटूच काढू द्यात.” तिचा आवाज पहिल्यांदा चढला. “एकानं सांगितलं, मालकाला पुण्यात बघितलं, वाचमनच्या डिरेसात. दुसऱ्यानं सांगितलं, मुंबईकडं. खरं-खोटं त्या बिरोबाला ठावं. पर पुण्या-मुंबैची माणसं हितं आली तर त्यातल्या कुणाच्या तरी दारात असंल का न्हाई? म्या कुटं कुटं फिरू? त्यास्नीच हितं येऊ द्या.”

मी ज्या माणसांच्या वतीने लिहायला आले होते, त्यांतलं एक माणूस समोर उभं राहून माझ्या मथळ्याच्या बरोबर उलट बोलत होतं. आमच्या घरी अशा वेळी म्हणायची पद्धत आहे की लोकांना अजून समजावून सांगायला हवं. त्या खोलीत उभं राहून हे वाक्य मला मनातसुद्धा म्हणता येईना.

मीनल मात्र भिंतीकडे बघत होती. चुना जिथे विरळ लागला होता तिथे, वर छताजवळ, एक भेग दिसत होती. खाली जमिनीशी तिचंच दुसरं टोक दिसत होतं. मधला भाग लिंपलेला. ती वरून खाली कुठून येत असेल हे सांगायला शास्त्रज्ञ नको होता. ती त्या आखूड करंगळीच्या हातातून जात होती.

“ही भिंत धुवावी लागेल,” मीनल म्हणाली. “लिंपण काढून भेग किती रुंद आहे ते बघितल्याशिवाय मी पास करू शकत नाही.”

खाली वस्तीत कुणाचं तरी करडू ओरडत होतं.

“धुवा,” बाळव्वा शेवटी म्हणाली. “त्यो एक सोडून.”

“तोच धुवावा लागेल, बाळव्वा.”

तिने पदराचं टोक हातात धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. गुहा उघडायची तर हात जाणार. हात ठेवायचा तर गुहा उघडणार नाही. मला वाटतं ती त्या क्षणी हात द्यायला तयार झाली होती. तिने तोंड उघडलंही होतं. पण मीनलच म्हणाली, “थांबा. आधी छत बघू. सगळे बाहेर व्हा.”

आम्ही ओसरीत आलो. मीनल हेल्मेट घालून एकटी आत गेली. दोरीचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं माझ्या हातात. आतून हातोड्याचा आवाज यायला लागला. खण. खण. खण. आप्पा प्रत्येक ठोक्याला मान डोलवत होते, जसं काही नात पाढे म्हणतेय. मीही मान डोलवायला लागले होते. सकाळपासून मी बद्द आवाजासाठी प्रार्थना करत होते आणि आता तीच प्रार्थना मागे घेत होते.

मग आवाज बदलला. बद्द. जरा पुढे, पुन्हा बद्द. मीनल मागे सरली आणि तिने पहार वर घालून नुसती टेकवली. जात्याच्या तळीएवढा एक पापुद्रा सुटून खाली आला. पडल्याचा आवाज मोठा नव्हता. धूळ बाहेर आली, तेवढीच.

धूळ बसल्यावर आप्पांनी आत डोकावून बघितलं. “दसऱ्याला तितंच बाया हुब्या ऱ्हात्यात,” ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला.

मीनल बाहेर आली. हेल्मेटवर पांढरी धूळ होती. “भिंत धुवायची गरज नाही,” ती म्हणाली.

“म्हंजी पास?”

“नाही आप्पा. छतच धोक्याचं आहे. आतल्या खोलीत कोणीच जायचं नाही, पर्यटक नाहीत, तुम्हीही नाही. मधे जाळी बसेल. ही ओसरी पक्की आहे, इथपर्यंत कोणीही या. हात इथल्या भिंतीवर उमटवा.”

हात राहिला, गुहा गेली. माझ्या पत्रकाची पहिली मागणी कोणी न मागता मान्य झाली होती, आणि मला खडकाच्या आडोशाला जाऊन मीनलशी भांडावंसं वाटत होतं. मी भांडलेही.

“छताला आधार देता येत नाही का? लोखंडी सळ्या, खांब?”

“येतो. मी अहवालात तसं लिहीन. या वस्तीसाठी ते कोण करेल, ते बघणं तुझं काम.”

“थोडं सौम्य लिहिता येणार नाही? महिनाभर उघडी ठेवा, एवढंच.”

तिने हेल्मेट काढून आतली धूळ झटकली. “दगड तुझं पत्रक वाचत नाही,” ती म्हणाली. मग हेल्मेट काखेत घेत, “मलाही वाटलं होतं खणखणीत वाजावं.”

भेग जिथे ओसरीत बाहेर येते तिथे तिने शेवटची काच बसवली, बाहेरूनच दिसेल अशी. तडकली तर ओसरीतही थांबायचं नाही आणि तिला लगेच कळवायचं, हे आप्पांना तीनदा सांगितलं. “आणि हिच्यावर काही लावू नका.”

“हळदबी न्हाई?”

“हळदही नाही.”

“मग ती सरकारीच म्हणायची,” आप्पा म्हणाले. तरीही काचेला हात जोडायला ते विसरले नाहीत.

बाळव्वा सगळा वेळ ओसरीच्या काठावर बसून होती. आम्ही सामान आवरत होतो तेव्हा ती मीनलच्या जवळ आली. “बाई, एक इचारू? बाकीचं हात हितं उमटवतील. पर मालकाचा डावा आत हाय. उद्या आलं, तर उजवा त्याच्या बाजूलाच ठिवाय लागंल. एक हात ठिवाय किती येळ लागतो?”

मीनल खोटं आश्वासन देणारी नाही. तिने बराच विचार केला. “ते आले की मला कळवा,” ती म्हणाली. “मी स्वतः येईन. दोन हेल्मेटं घेऊन येईन. छताखाली टेकू लावून त्यांना आत नेईन.”

“तीन आना,” बाळव्वा म्हणाली. “पुसाय मी लागंल न्हवं.”

मी तिला विचारलं, मी काहीतरी लिहू का? माणसं इथे येणार नसतील तर हे त्यांच्यापर्यंत गेलं पाहिजे. ती हो म्हणाली. मग नाव विचारलं, तर तिने आप्पांकडे बघितलं. इकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आप्पा सांगायला पुढे झाले, पण तिने त्यांना हाताने थांबवलं. ती जाळी बसणार होती त्या जागेपर्यंत गेली, आत तोंड केलं आणि म्हणाली, “बिराप्पा.” आतून तो आवाज जरासा मोठा होऊन परत आला. मग माझ्याकडे वळून तिने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, मी चुकू नये म्हणून.

परतीच्या वाटेवर तासगावला आम्ही थांबलो नाही. मीनल गप्प होती आणि काचा संपल्यामुळे जीपही गप्प होती. मला सारखे हात दिसत होते. टँकरचं झाकण उघडणारा हात, बेदाण्याच्या जाळीवर फिरणारा हात, एसटीच्या दाराची कांब धरलेला हात. मी प्रत्येकाची करंगळी बघत होते.

साताऱ्यात न थांबता आम्ही तसेच पुढे गेलो, त्या धनगराला विचारायला. वाईच्या अलीकडे ते मेंढरांचं शेत आलं. कळप पुढच्या रानात सरकला होता. घोंगडीवाला बांधावरच होता. मी उतरून त्याला बिराप्पाबद्दल सांगितलं. त्याने नाव ऐकलं होतं, माणूस पाहिला नव्हता.

“बाजाराच्या दिशी सांगतो समद्यास्नी,” तो म्हणाला. मग स्वतःचा डावा तळवा उघडून त्याकडे बघत राहिला. “आमचा हात काय आमी कुटं ठिवून न्हाई येत. आमच्यात तसली रीत न्हाई.” मग तळवा मिटून म्हणाला, “असाय पायजे हुती.”

साताऱ्यात आल्यावर मी आमच्या नेहमीच्या छापखान्यात गेले. मालक मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी नव्या पत्रकाचा कागद हातात घेतला, वाचला, उलटून बघितला. मागची बाजू कोरी होती.

“एवढंच? घोषणा नाही, मागण्या नाहीत?”

“मागणी एकच आहे. वाचा की.”

त्यांनी बिराप्पाचं नाव आणि आखूड करंगळीची खूण पुन्हा वाचली आणि अक्षरं मोठी घ्यायची का, असं विचारलं.

प्रवासवर्णनं जाणारी माणसं लिहितात. डोंगर, जेवण, वाटेत भेटलेली माणसं, सगळं त्यांचंच असतं. जे मागे राहतात त्यांनी पाहिलेलं कुठेच लिहिलेलं नसतं, कारण ते कुठे जात नाहीत. एका भिंतीशी येऊन, अंदाजाने, आता दिसत नसलेल्या हातावर हात ठेवून परत घरी जाणं, हाही एक प्रवास आहे. बाळव्वाने तो किती वेळा केला असेल कोण जाणे. आता तोही जाळीपाशी थांबेल.

गुहेचं आणि वस्तीचं नाव मी या लेखात लिहिणार नव्हते. तुम्ही तिथे जाऊ नये, असं मला निघताना वाटत होतं. आता लिहिलं आहे. जा. ओसरीपर्यंत जा, पुढे नको. माडगं दिलं तर नाही म्हणू नका.

आणि तेवढंही जमणार नसेल, तर एक करा. तुमच्या इमारतीचं फाटक रोज कोणीतरी उघडतं. गाडीची काच खाली करा, त्याच्या डाव्या हाताकडे बघा. करंगळी एका पेराने आखूड असेल तर त्याला सांगा, हिरेबंडीला भिंतीवर त्याची जागा अजून ठेवलेली आहे. चुना लागल्यावर डावा हात लाल होऊन वर आला.